बावीस ड्रम सडवा

साखरबोडीच्या बायांनी लटारूचा बावीस ड्रम सडवा नालीत ओतला तेव्हा ऊन डोक्यावर होतं, आणि गावात असा जल्लोष झाला की आश्रमशाळेची पोरं पेपर अर्धा टाकून खिडक्यांना लोंबकळली. सडवा म्हणजे मोहफूल नि गूळ भिजत घालून आंबवलेलं पाणी. ते भट्टीवर चढलं की त्याची दारू होते. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, निदान कागदावर आहे. पण लटारू काही कागद वाचून धंदा करणाऱ्यातला नव्हता. दोन वर्षं बाया त्याच्या पाळतीवर होत्या, आणि त्या सोमवारी बांबूच्या डेपोमागं, ताडपत्रीखाली, त्याचे ड्रम ओळीनं सापडले.

"पयला ड्रम रुखमा लोटन," कलाबाई म्हणाली. कलाबाई महिला मंडळाची अध्यक्ष. ती बोलायला लागली की ग्रामसेवकसुद्धा खुर्ची मागं सरकवतो. "वास तिनंच काढला ना? मंग मान तिचा."

रुखमाला तो मान हवा होता, उगाच खोटं कशाला बोला. रुखमा पंचेचाळिशीची, काटक अंगाची गोंड बाई. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, एकुलती पोरगी रीना खालच्या पाड्यात, उसरीटोल्यात दिलेली, आणि स्वतः ती गावच्या सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर. तीनशे घरांचं, आश्रमशाळेचं नि दवाखान्याचं मैलापाणी ती रोज निवळून सोनझरी नाल्यात सोडायची. चार वर्षांत तिच्या कामाला कोणी टाळी वाजवली नव्हती; पाठीमागं तिचं नाव 'गूवाली बाई' असं होतं. त्या दिवशी मात्र शंभर हातांनी टाळ्या वाजवल्या. तिनं पदर खोचला, ड्रमाला खांदा लावला आणि लोटला. आंबूस, पिवळट फेस नालीतून धावत सुटला. मागून एकवीस ड्रम गेले.

आता गंमत बघा. गावातली कुठली नाली कुठं वळते, कुठल्या चेंबरात उतरते आणि शेवटी कुठं जाते, हे अख्ख्या साखरबोडीत एकट्या रुखमाला पाठ होतं. चौकातली नाली शाळेमागून थेट तिच्याच टाकीत पडते, हे ती झोपेतही सांगती. पण सडवा सापडला की नालीत ओतायचा, ही सगळ्यांची रीत. पोलीस तेच करतात, फोटोही तसाच निघतो. तिनंही तेच केलं, आणि संध्याकाळी घरी जाऊन सुखानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मंगळवारी सकाळी तिनं प्लांटचं फाटक उघडलं आणि जागच्या जागी थांबली.

धडधाकट टाकीचा वास ओल्या मातीसारखा असतो. पहिला पाऊस पडलेल्या वावरात उभं राहिल्यासारखं वाटतं, म्हणून शहरातून आलेले साहेब नाक झाकायला रुमाल काढतात आणि मग ओशाळून परत खिशात घालतात. त्या सकाळी वास आंबट होता, आणि आंबटाच्या खाली कुजकं काहीतरी होतं. टाकीवर हातभर पांढरा फेस चढला होता. तिनं काठीनं फेस बाजूला सारला. खालचं पाणी रोज चहाच्या रंगाचं असायचं, ते राखाडी पडलं होतं.

तिनं काचेची बरणी भरून कट्ट्यावर ठेवली. हे तिचं रोजचं काम होतं. अर्ध्या तासात तपकिरी गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी उरतं. त्या गाळातच सगळा जीव. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जंतू त्यात राहतात, घाण खातात, आणि हवा मागतात. हवा मशीन देते, जिला ब्लोअर म्हणतात. इंजिनियरनं पहिल्या दिवशी तिला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली होती, म्हणजे दावणीची जनावरंच की, चारा घालायचा आणि गोठा मोकळा ठेवायचा. तेव्हापासून ती त्यांना 'माही जनावरं' म्हणायची.

अर्धा तास झाला, पाऊण झाला. बरणीत काहीच खाली बसलं नाही. वरपासून खालपर्यंत तेच राखाडी, मेलेलं पाणी.

तेव्हा तिला बावीस ड्रम आठवले. उपाशी गाईला एकदम टोपलंभर सरकीची ढेप घातली तर ती फुगून मरते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिनं आपल्या जनावरांपुढं दहा-बारा दिवसांचं खाणं एका दुपारी ओतलं होतं, आणि तेही आंबलेलं. त्यांनी होती नव्हती ती हवा पिऊन टाकली आणि गुदमरून मेली. आपणच, आपल्या हातानं, टाळ्या घेत मारलं, हे तिच्या मनात इतकं लख्ख उमटलं की तिला रडूही आलं नाही.

तिनं संघपालला फोन लावला. संघपाल तालुक्याचा इंजिनियर. तिच्या पोरीच्या वयाचा, आणि असले अकरा प्लांट एकट्याच्या गळ्यात.

"किती ड्रम, मावशी?"

"बावीस."

"तुम्ही नव्हत्या का तिथं? थांबवायचं ना."

"मीच लोटला पयला," रुखमा म्हणाली.

त्यानं शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "ऐका. खाली नाल्यात जाणारा व्हॉल्व्ह बंद करा. दुसरा ब्लोअर?"

"सा महिने झाले जळून. अर्ज देल्लाच होता तुमाले."

"हो, देल्ला होता." तो खजील झाला. "मग असं करा. गावाला सांगा, चार दिवस नालीत थेंब जाऊ देऊ नका. संडास नाही, न्हाणी नाही, भांडी नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवून टाकी कशीबशी संध्याकाळपर्यंत धरेल, मग वरून वाहील. आणि ताजं शेण पाहिजे. बैलबंड्या भरभरून. शेणातूनच नवे जंतू धरतात. आठ-दहा दिवस लागतील. आणि मावशी, उसरीटोल्यात निरोप पोचवा. लोकांनी झिऱ्याचं पाणी पिऊ नये. आश्रमशाळेत कावीळ निघाली आहे ना दोन पोरांना?"

निघाली होती. होस्टेलच्या कोपऱ्यातल्या खोलीत ती पोरं आठ दिवसांपासून पडून होती, आणि त्यांचंही पाणी याच टाकीत येत होतं. उसरीटोला चार किलोमीटर खाली, सोनझरीच्या काठाला. टोल्यातल्या हापशाचं पाणी लोखंडाचं. भात शिजवला तर लाल होतो. म्हणून उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत खड्डा खणायचा, त्यात पाणी पाझरतं, ते वाटीनं भरून प्यायचं. तो झिरा. प्लांट व्हायच्या आधी एका वर्षी याच झिऱ्यांनी टोल्याला कावीळ दिली होती, आणि नर्सबाईनं तेव्हा रुखमाला एक गोष्ट सांगितली होती जी ती विसरू शकत नव्हती. असल्या पाण्याच्या काविळीतून गडीमाणूस उठतो, म्हातारं उठतं. पोटुशी बाई उठेलच असं नाही.

रीनाला सातवा महिना होता.

उसरीटोल्यात फोन लागत नाही. रुखमानं व्हॉल्व्ह आवळला आणि फाटकात उभी राहिली. खाली जायचं की वर? खाली पोरगी. वर गाव, जिथून पाणी येत होतं. आधी तोटी बंद केली तर खाली काही जाणारच नाही, असा हिशेब तिनं केला. हिशेब चूक नव्हता. गाव ऐकेल, एवढंच तिनं त्यात धरलं होतं.

ती कलाबाईकडं गेली. कलाबाई ओसरीत मोबाइलवर कालचे फोटो बघत होती. पेपरात छापून येणार होते.

"हळू सांग, काय झालं?"

रुखमानं सगळं सांगितलं. कलाबाईचा चेहरा उतरत गेला. मग तिनं मोबाइल पालथा ठेवला.

"हे कोणाले बोलली?"

"इंजिनेरले."

"गावात नको बोलू. काऊन म्हणजे? लटारू काय करन माहीत हाय का तुले? दोन वर्सं आपण मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या. आज बोललो का बायांनी सडवा ओतून प्लांट मारला, तं उद्या एक बाई आपल्यासंग येनार नाई. सगळे म्हनतीन, यायच्यापेक्षा लटारू बरा." तिनं रुखमाचा हात धरला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. म्हण का मशीन बिघडली. पाणी जपून वापरा म्हण. काम तेच होते ना?"

कलाबाई लबाड नव्हती. तिचा थोरला भाऊ याच दारूनं गेला होता आणि ती हे जिवापासून बोलत होती. आणि रुखमा? रुखमाला काल मिळालेल्या टाळ्या एवढ्यात परत करायच्या नव्हत्या. लाज वाटली तिला. ती म्हणाली, "बरं."

ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दवंडी झाली: प्लांटची मशीन बिघडली आहे, तरी ग्रामस्थांनी पाणी जपून वापरावे आणि शेण आणून द्यावे. गाव हसलं. मशीन बिघडली तं ठेकेदार पाह्यन, आमी का संडासले जाऊ नोको? आणि शेण कायले, मशीन का शेण खाते? उन्हाळ्याचे दिवस, घरोघरी दोन-दोन आंघोळी. दुपारपर्यंत तीन टोपली शेण आलं, त्यातलं एक वाळलेलं. चेंबरातलं पाणी मात्र वीत वीत चढत राहिलं.

रुखमा एकटी टाकीच्या काठावर उभी होती. एक ब्लोअर घरघरत होता. तिनं ती तीन टोपली कालवून ओतली. गोठ्यातल्या बाईसारखी ती त्या पाण्याशी बोलत होती, उठा रे, श्वास घ्या रे. दिवस बुडायला टेकला आणि पाणी काठावरून सांडलं. आधी एक ओघळ, मग हाताएवढी धार, काळी, सोनझरीच्या दिशेनं. शिल्लक अर्धं पोतं ब्लिचिंग पावडर तिनं त्या धारेत रिकामं केलं. पण इतक्या घाणेरड्या पाण्यात पावडर घाणीवरच खर्ची पडते, पुढं काही उरत नाही. हे ती जाणून होती. तरी तिनं पोतं उलटं करून झटकलं.

बुधवारी फटफटताच ती नाल्याच्या काठाकाठानं खाली निघाली.

सोनझरी एप्रिलमध्ये नदी म्हणवून घेण्यासारखी नसते. डोहाडोहांतून पाणी, मध्ये वाळू आणि वाळूतून वाहणारी बारीक धार. पहिल्या डोहावर फेस होता. दुसऱ्या डोहात मासे वर आले होते, तोंडं पाण्याबाहेर काढून, हवेचा घोट घ्यायला. रुखमानं चाल वाढवली. तिसऱ्या डोहापाशी तर ती पळत होती, चपला हातात घेऊन. आणि मग वळणापलीकडून तिला हसण्याचा आवाज आला.

अख्खा उसरीटोला नाल्यात उतरला होता.

ही टोल्याची जुनी रीत. उन्हाळ्यात डोह आटले की झाडाची साल ठेचून पाण्यात टाकायची, मासे गुंगतात, वर येतात, टोपल्यांनी उचलायचे. ज्या डोहावर वरचे लोक असं करतात, तिथले उरलेसुरले मासे खाली वाहत येतात आणि मग खालच्यांची चंगळ. सकाळी मासे तरंगताना दिसले, तेव्हा टोल्यानं जे ओळखायचं तेच ओळखलं. कोणीतरी वर साल टाकली! कमरेइतक्या पाण्यात बाया, पोरं, म्हातारे. लुगडी वर खोचलेली. झिऱ्यांच्या कडेला गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, भरून ठेवलेले, आणि दमलेलं पोर मध्येच येऊन त्यातलं पाणी वाटीनं पिऊन परत डोहात उडी घेत होतं.

"अवं, विहीणबाई आल्या!" सोमारीनं आरोळी दिली. सोमारी रीनाची शेजारीण. "या, या! मासे घ्या! तुमच्या गावच्यायनंच साल टाकली का?"

सोमारीची सून दिव्या पाण्यातून वर आली. तीही पोटुशी, सहावा महिना. पोट सावरत, ओली गच्च, दोन्ही हातांत एकेक मासा शेपटीला धरून. "मावशी, हा मोठा तुमाले," म्हणाली आणि मासा हातातून निसटला तशी स्वतःच खदखदून हसली. तिच्यामागं रीना वाळूत बसून मासे साफ करत होती. आईला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला.

"पानी पेलं का?" रुखमा ओरडली. "रीना! झिऱ्याचं पानी पेलं का तू?"

"पेलं ना. सकाळपासून इथीच तं आहोत. काऊन?"

रुखमानं पुढं काय केलं ते टोल्यातले लोक अजून सांगतात. ती पहिल्या झिऱ्यात गुडघ्यावर पडली आणि दोन्ही हातांनी वाळू आत ढकलायला लागली. गुंड लाथेनं उलटे केले. दुसरा झिरा बुजवला. तिसऱ्यापाशी सोमारीनं तिचा दंड धरला आणि ओढलं. झिऱ्याला टोल्यात हळदकुंकू लागतं. झिरा बुजवणं म्हणजे कोणाच्या चुलीत पाणी ओतणं. "येडी झाली का वो बाई? आमचं पेयाचं पानी हाये!"

"गू हाय त्यात!" रुखमा म्हणाली. तिचा आवाज फाटला. "साल नाई टाकली कोनी. प्लांट मेला. आमच्या गावाचा गू वाहून येऊन राह्यला कालपासून. मासे त्यानंच मेले. सोडा ते मासे, फेका!"

मग कोणीतरी म्हणालं, "पण पानी तं साफ दिसते," आणि रीना, वाळूत बसल्याबसल्या, हळूच बोलली, "आई, तूच तं सांगत होती. आता सोनझरीचं पानी चांगलं हाये म्हणून. हापशाचं नोको पेऊ, पोटातल्या लेकराले लोखंड कायले, झिऱ्याचं पे म्हणून."

खरं होतं. चार वर्षं ती प्रत्येक सणाला टोल्यात येऊन हेच सांगत होती, आणि छाती फुगवून सांगत होती. टोल्यानं प्लांटवर विश्वास ठेवला नव्हता. टोल्यानं तिच्यावर ठेवला होता.

रीनाचा सासरा कोलू काठावर उभा होता. कोलू टोल्याचा भूमिया, गावदेवाची पूजा त्याच्याकडं. तो कमी बोलतो. "मशीन कशी मेली?" त्यानं विचारलं.

मशीन बिघडली, हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. कालपासून तिनं ते पन्नासदा म्हटलं होतं. तिनं दिव्याकडं पाहिलं. दिव्यानं हात लुगड्याला पुसले होते आणि आता ते कुठं ठेवावे ते तिला कळत नव्हतं.

"मशीन नाई मेली," रुखमा म्हणाली. "मी मारली. दारूचा सडवा ओतला नालीत. पयला ड्रम मीच लोटला. अन् काल दिवसभर गावाले खोटं सांगत बसली, म्हणून कोनी पानी बंद केलं नाई. काल सकाळीच इथी आली असती तं..." ती वाळूत बसली आणि पहिल्यांदा रडली, तोंडावर पदरही न घेता.

कोलूनं तिला उठवलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. तो बोरीच्या काट्या तोडून घेऊन आला आणि एकेका झिऱ्यावर ठेवत गेला. भूमियानं काटी ठेवली की त्या पाण्याला पोरही हात लावत नाही. मासे वाळूत खड्डा करून पुरले. शेवटची काटी ठेवून झाल्यावर तो रुखमासमोर उभा राहिला. "आता कायनं सुदरते थे?"

"शेणानं. लय शेण लागते. गाव देत नाई."

"आमाले ढोरंच तं हायत," कोलू म्हणाला.

दुपारी साखरबोडीच्या चौकातून उसरीटोल्याच्या सात बैलबंड्या गेल्या, शेणानं भरलेल्या. ज्यांच्या ताटात घाण गेली, ते लोक ती घाण निवळायला शेण घेऊन चालले होते. बघणारे उठून उभे राहिले. कोणीतरी विचारलं, हे काय? रुखमा पहिल्या बंडीपुढं चालत होती. ती थांबली आणि तिथंच, सोमवारी टाळ्या घेतल्या त्या जागी, तिनं सगळं सांगितलं. पानठेल्यावर लटारू होता. तो मांडीवर थाप मारून हसला. "बायांनी मशीनले दारू पाजून मारलं!" दोन-चार जण त्याच्याबरोबर हसले. कलाबाई ओसरीतून हे ऐकत होती. ती बाहेर आली, तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिनं रुखमाकडं पाहिलं नाही. लटारूकडंही पाहिलं नाही. तिनं आपल्या गोठ्यातलं टोपलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि बंड्यांच्या मागं चालायला लागली. त्या संध्याकाळी साखरबोडीत नळ सुटले तेव्हा लोकांनी बादल्या भरून ठेवल्या आणि न्हाण्या कोरड्या ठेवल्या. आश्रमशाळेची पोरं डबे घेऊन रानात गेली.

बाराव्या दिवशी बरणीत गाळ बसला. आधी बोटभर, मग चार बोटं. टाकीला पुन्हा मातीचा वास आला. संघपालनं पाण्याचे नमुने नेले, दोनदा तपासले, आणि तिसरा आठवडा सरला तेव्हा कोलूनं काट्या काढून नवे झिरे खणले. रुखमानं स्वतः जाऊन सांगितलं, आता प्या. सांगताना तिचा आवाज पूर्वीसारखा निघाला नाही.

रीनाला तिनं बाळंतपणासाठी आधीच माहेरी आणलं होतं. नर्सबाई म्हणाली होती, कळायला दोन आठवडेही लागतात, सहाही लागतात. रोज सकाळी रुखमा पोरीला अंगणात उजेडात उभी करायची आणि अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पांढरं बघायची. रीना वैतागायची. चोविसाव्या दिवशी टोल्यात पहिला माणूस पिवळा पडला. मग आणखी दोन. मग कोलू. आठवड्यात सात झाले. रीनाचे डोळे पांढरेच राहिले.

एकोणतिसाव्या दिवशी दिव्याला उलट्या लागल्या. बत्तिसाव्या दिवशी तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. तोवर ती माणसं ओळखत नव्हती. चौतिसाव्या दिवशी ती गेली, पोटातल्यासकट.

निरोप आला तेव्हा रुखमाच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते हे, की रीना नाही. देवा, रीना नाही. केवढी हलकी झाली ती त्या एका क्षणात! आणि मग आपण काय विचार केला ते कळून ती न्हाणीत गेली आणि भिंतीवर डोकं आपटत राहिली. रीना बाहेरून दार वाजवत होती.

दिव्या गेल्याच्या पाचव्या दिवशी ती सोमारीकडं गेली. कोणी तिला ये म्हटलं नाही आणि कोणी जा म्हटलं नाही. ओट्यावर सोमारी बसली होती, तिच्या मागं थोरल्या मुलाची तीन लेकरं एका ओळीत. सोमारीचं तोंड नाल्यातल्या त्या सकाळपासून जणू निम्मं झालं होतं. रुखमा खाली जमिनीवर बसली. काय बोलायचं ते तिनं चार किलोमीटर ठरवत आणलं होतं.

ती तोंड उघडायच्या आत सोमारी उठली. आत गुंडात लोटा बुडवल्याचा आवाज आला. तिनं भरलेला लोटा आणून रुखमासमोर धरला.

"झिऱ्याचं हाये," ती म्हणाली.

रुखमानं लोटा घेतला. पाणी नितळ होतं, तळाशी वाळूचे दोन कण. सकाळीच तिनं बरणी पाहिली होती, गाळ नीट बसला होता, तपासणीचा कागद आला होता. पण त्या दिवशीही पाणी असंच नितळ होतं.

"मी कोनालेच भरून देल्लं नाई अजून," सोमारी म्हणाली. "भूमियानं काटी काढली, इंजिनेर सांगून गेला. तूही सांगितलं. पण हात होत नाई माहा. लेकरं अजून हापशाचंच लाल पानी पेऊन राह्यली, रडून राह्यली." तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला फक्त कळायला हवं होतं. "तू पे. मले पाहू दे तुले पेतानी."

रुखमानं लोटा दोन्ही हातांनी तोंडाला लावला. सोमारी वाकली आणि तिच्या गळ्याकडं बघत राहिली, एकेक घोट खाली उतरेपर्यंत. रुखमा थांबली नाही. वाळूच्या कणांसकट तिनं लोटा रिकामा केला आणि पालथा करून दाखवला.

सोमारीनं तो तिच्या हातातून घेतला, आत गेली, पुन्हा भरून आणला आणि सगळ्यात धाकट्या पोराला हाक मारली.